३८० मतं, मग ४,८९४: आयर्लंडमध्ये आपल्या घरातलं पोर काउन्सिलर होऊ शकतं का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १९ वर्षांचा, जन्म डब्लिनचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि आता घरी सांगतोय की २०२९ ला काउन्सिलच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या) निवडणुकीला उभं राहायचंय. मिस्टर म्हणतायत आधी डिग्री हातात घे मग काय ते कर, आणि तुम्हाला काळजी की आपल्या आडनावाला इथे मतं देणार कोण, वर इथले माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचं नाव काढलं की घरातले सगळे म्हणतात त्याची आई आयरिश होती, त्याचं सोडा. मी २००४ पासून इथल्या पाच लोकल इलेक्शनमध्ये दारोदार फिरलोय, जास्त करून बाहेरून आलेल्या घरातल्या उमेदवारांसाठी, काही पक्षाचे होते काही अपक्ष, काही निवडून आले बरेच पडले. त्यामुळे जे बघितलंय ते मोकळेपणाने सांगतो.

होऊ शकतो. पण आडनावापेक्षा मोठा प्रश्न वेगळा आहे, तो म्हणजे तुमच्या मुलाला लोकांची बारीकसारीक कामं करायला मनापासून आवडतं का. हे एवढं ठामपणे का म्हणतो ते कळायला वराडकरांचीच गोष्ट नीट बघू, कारण आपल्याकडे ती फक्त "मालवणच्या वराड गावचा नातू पंतप्रधान झाला" एवढीच सांगितली जाते आणि मधली सगळी वर्षं गायब होतात.

वडील अशोक वराडकर मुंबईचे डॉक्टर, साठच्या दशकात इंग्लंडला नोकरीला आले, तिथे स्लाऊ नावाच्या गावात मिरियम भेटल्या, त्या नर्स, आयर्लंडच्या वॉटरफर्ड काउंटीतल्या डंगार्व्हनच्या. लग्न झालं, मधे काही काळ भारतात राहून बघितलं, आणि १९७३ मध्ये कुटुंब डब्लिनला आलं. लिओ धाकटा, दोन बहिणींच्या पाठचा, जन्म १८ जानेवारी १९७९. वडील जीपी म्हणजे आपल्याकडचे फॅमिली डॉक्टर. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या घरात डॉक्टरकी आहे त्या घराला सगळा परिसर ओळखतो. लिओ सात-आठ वर्षांचा असताना आईच्या मैत्रिणींना म्हणाला होता की मला आरोग्यमंत्री व्हायचंय, हा किस्सा इथे बऱ्याच जणांना माहीत आहे. तेव्हा तुमच्या घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे, आई आयरिश, वडील ओळखीचे डॉक्टर, शाळा चांगली. मी ते नाकारत नाही.

पण एवढं सगळं पाठीशी असूनही पहिल्यांदा काय झालं ते बघा. १९९९ ची लोकल इलेक्शन, हा २० वर्षांचा, ट्रिनिटी कॉलेजात मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे अगदी तुमच्या मुलासारखा, मलहडार्ट वॉर्डातून फिने गेलच्या तिकिटावर उभा राहिला आणि मिळाली ३८० मतं. सपशेल पडला. पाच वर्षांनी जून २००४ मध्ये कासलनॉकमधून पहिल्या पसंतीची (ही पद्धत पुढे सांगतो) ४,८९४ मतं, अख्ख्या देशात त्या निवडणुकीत सगळ्यात जास्त, आणि पहिल्याच फेरीत विजयी. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवून जादू झाल्यासारखं सांगतात पण खरं तर वॉर्ड वेगळे होते, आणि मधे २००३ मध्ये एक गोष्ट घडली जी कुणी सांगत नाही. फिंगल काउंटी काउन्सिलवर एक जागा रिकामी झाली आणि पक्षाने त्याला तिथे को-ऑप्ट केलं. इथे काउन्सिलर मधेच गेला तर पोटनिवडणूक होत नाही, त्याच पक्षाचा माणूस काउन्सिल घेते. त्याच सुमारास कायदाही बदलला की टीडी (म्हणजे आमदार-खासदार समजा) आणि सेनेटर यांना काउन्सिलची खुर्ची एकाच वेळी ठेवता येणार नाही, त्यामुळे देशभर तरुण लोकांना जागा मोकळ्या झाल्या. म्हणजे २००४ ला मतदारांसमोर जाताना तो आधीच काउन्सिलर होता. पण तो को-ऑप्ट का झाला, तर हरल्यानंतर घरी बसला नाही, पक्षाच्या मीटिंगला जात राहिला म्हणून. १९९९ ला हरून सोडून दिलं असतं तर २००३ ला त्याचं नाव कुणाच्या तोंडी आलं असतं?

आता काउन्सिलर करतो काय. हे तुमच्या मुलाला आधी नीट कळलं पाहिजे कारण कॉलेजातली मुलं पॅलेस्टाईन आणि क्लायमेटवर बोलायला येतात आणि दारात उभी असलेली बाई विचारते की माझ्या गल्लीतला दिवा तीन आठवडे बंद आहे. आयर्लंडमध्ये लोकल काउन्सिलच्या हातात पोलीस नाहीत, शाळा नाहीत, हॉस्पिटल नाही. रस्ते, फूटपाथ, दिवे, बागा, लायब्ररी, काउन्सिलची घरं, बांधकामाच्या परवानग्या आणि डेव्हलपमेंट प्लॅन, साधारण एवढंच. त्यातही रोजचा कारभार चीफ एक्झिक्युटिव्हकडे, म्हणजे आपल्या आयुक्तांसारखं, काउन्सिलरच्या हातात मुख्यतः बजेट आणि डेव्हलपमेंट प्लॅन मंजूर करणं. नगरसेवकाला आपल्याकडे जो रुबाब असतो तो इथे नाही, काउन्सिलर स्वतःची जुनी गाडी चालवत येतो आणि शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत "क्लिनिक" घेतो, तिथे लोक कागद घेऊन रांगेत बसतात.

डब्लिन १५ म्हणजे ब्लँचर्ड्सटाउन, क्लॉन्सिला, ऑन्गर, टिरेल्सटाउन हा भाग त्या काळात झपाट्याने वाढत होता, शेतं होती तिथे दोन-तीन वर्षांत हजारो घरं, आणि त्यात आपल्यासारखे बाहेरून आलेले भरपूर. नव्या इस्टेटचा (म्हणजे बिल्डरने एकत्र बांधलेल्या घरांच्या वसाहतीचा) सगळ्यात मोठा त्रास म्हणजे "टेकिंग इन चार्ज". बिल्डर घरं विकून मोकळा होतो पण रस्ते, दिवे, गटारं काउन्सिलने ताब्यात घेतलेली नसतात, मग दिवा बंद पडला की काउन्सिल म्हणते आमचा नाही, बिल्डर फोन उचलत नाही. पुण्यात सोसायटीचं कन्व्हेयन्स अडकलं की जी गत होते तीच समजा. माझ्या स्वतःच्या इस्टेटमध्ये हे कित्येक वर्षं चाललं. तेव्हा आमच्या भागातला एक काउन्सिलर, आयरिश, साधा शिक्षक माणूस, तो दर ऑक्टोबरात पानगळ सुरू झाली की स्वतः येऊन गटाराच्या जाळ्या बघून जायचा, कोणती तुंबलीय त्याचा नंबर घराच्या नंबरसकट वहीत लिहायचा, आणि दोन आठवड्यांनी आमच्या लेटरबॉक्समध्ये एक पत्र पडायचं की अमुक तारखेला काउन्सिलला कळवलं, त्यांचं उत्तर असं आलं, मी परत पाठपुरावा करतोय. काम झालं नसलं तरी पत्र यायचं. त्या माणसाला आमच्या रस्त्यावर कोणी हरवू शकलं नाही, आणि मी जे काही शिकलो ते त्या पत्रांवरून शिकलो.

एक गोष्ट अजून सांगतो, ती मला कधीच विसरता येत नाही. ११ जून २००४. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, युरोपियन संसदेच्या मतपत्रिकेशिवाय आणखी दोन मतपत्रिका हातात मिळत होत्या. एकीवर काउन्सिलचे उमेदवार. दुसरीवर सार्वमत, की आयर्लंडमध्ये जन्मलेल्या प्रत्येक मुलाला जन्मानेच नागरिकत्व मिळतं ते बंद करायचं का. ७९ टक्के लोकांनी हो म्हटलं. आणि त्याच दिवशी मुंबईच्या डॉक्टरच्या मुलाला देशात सगळ्यात जास्त पहिल्या पसंतीची मतं. म्हणजे एकाच दिवशी काही घरांनी दोन्ही केलं असणार, बाहेरच्यांच्या मुलांना दार थोडं लावून घेतलं आणि वराडकरला १ नंबर दिला. मी तेव्हा नवीन होतो, मला हे समजायला खूप वर्षं लागली. लोक "इमिग्रंट" या शब्दाला एक मत देतात आणि ओळखीच्या माणसाला दुसरं. तुमच्या मुलाने ओळखीचा माणूस व्हायचंय, एवढंच त्याच्या हातात आहे.

मतमोजणीची पद्धत तुम्हाला माहीत असेल तरी थोडक्यात सांगतो कारण सगळं गणित तिथेच आहे. आपल्याकडे विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघात जसा पसंतीक्रम लिहितात, १, २, ३, तसंच इथे सगळ्या निवडणुकांत. एका वॉर्डातून साधारण पाच ते सात जण निवडून येतात. समजा १२,००० वैध मतं आणि ५ जागा, तर १२,००० भागिले ६ आणि अधिक १, म्हणजे २,००१ हा कोटा. कोटा भरला की तुम्ही आत, वरची मतं पुढच्या पसंतीला जातात, आणि सगळ्यात कमीवाला बाद होतो त्याची मतंही वाटली जातात. याचा अर्थ दुसरी आणि तिसरी पसंती सोन्यासारखी आहे. दारात माणूस म्हणाला की मी आयुष्यभर फिना फॉल पक्षाला देत आलोय, तर वाद घालायचा नाही, म्हणायचं काका तुमचा १ त्यांनाच द्या, मला ३ द्याल का? नव्वद टक्के लोक हसून हो म्हणतात आणि त्यातले काही खरंच देतात. बाहेरून आलेल्या उमेदवाराला या पद्धतीचा फार फायदा आहे, कारण आपली एकगठ्ठा मतं नसतात पण सगळीकडून थोडी थोडी पसंती गोळा होऊ शकते.

मतमोजणीच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, पेट्या उघडून मतपत्रिका उलगडतात, आणि कठड्याच्या या बाजूला आम्ही टॅलीवाले क्लिपबोर्ड घेऊन वाकून उभे, प्रत्येक मतपत्रिकेवर १ कुणापुढे आहे ते बघून त्या नावापुढे रेघ, चार उभ्या आणि पाचवी आडवी. पेटी कोणत्या इस्टेटची ते माहीत असतं. त्यामुळे दुपारपर्यंत कळतं की कोणत्या गल्लीने तुम्हाला किती दिली, आणि ज्या गल्लीत तुम्ही गेलाच नाही तिथे रेघा नसतातच.

आमची सगळ्यात मोठी चूक याच कठड्यावर कळली. २००९ ला एका भारतीय उमेदवारासाठी काम करत होतो, उत्साह प्रचंड, आणि आम्ही काय केलं तर आपलीच घरं पिंजून काढली. गणपतीला ज्यांच्याकडे जातो ते, क्रिकेट क्लबवाले, मल्याळी नर्सेस, तेलुगू मंडळी. सगळ्यांनी चहा पाजला, सगळे म्हणाले मत तुम्हालाच. आणि पेट्या उघडल्यावर रेघाच पडेनात. नंतर यादी काढून बघितली तर आमच्या वहीतल्या निम्म्याहून जास्त घरांचं मतदार यादीत नावच नव्हतं. अनेकांना वाटत होतं की आपला पासपोर्ट भारतीय, आपल्याला मत नाही. ताई, हे साफ चूक आहे. लोकल इलेक्शनमध्ये इथे राहणारा १८ वर्षांवरचा कोणीही मत देऊ शकतो आणि उभाही राहू शकतो, पासपोर्ट कुठलाही असो. डॉइल म्हणजे संसदेसाठी उभं राहायचं तर आयरिश नागरिकत्व आणि २१ वय लागतं, काउन्सिलला नाही. तो उमेदवार मधल्या एका फेरीत बाद झाला, आणि मला अजूनही वाटतं की तो आमच्यामुळे पडला, त्याच्यात काही कमी नव्हतं.

आणि केवळ आपल्या लोकांवर निवडून आलेला मी आजवर एकही बघितला नाही. रोटिमी अडेबारी नायजेरियातून २००० साली आश्रय मागायला आले, २००४ ला पोर्टलीशच्या टाऊन काउन्सिलवर निवडून आले आणि २००७ ला तिथले महापौर झाले, आयर्लंडमधले पहिले कृष्णवर्णीय महापौर. सात वर्षांत. पोर्टलीश काही मोठं शहर नाही, तिथे एवढे नायजेरियन मतदार असणं शक्यच नव्हतं. हेझल चू, आईवडील हाँगकाँगचे, स्वतः डब्लिनला जन्मलेली, २०१९ ला ग्रीन पार्टीकडून निवडून आली आणि २०२० ला डब्लिनची लॉर्ड मेयर. केरळचे बेबी पेरेप्पाडन २०२४ ला साउथ डब्लिन काउंटीचे महापौर झाले, टाला भागातून. यातल्या एकाचीही आई आयरिश नव्हती, हे मिस्टरांना नक्की सांगा.

आता भीतीचा भाग, तो मी लपवणार नाही. २०२४ च्या प्रचारात मला पहिल्यांदा असं वाटलं की संध्याकाळी अंधार पडायच्या आत पोरांना घरी पाठवावं. दारात शिव्या पूर्वीही खाल्ल्या होत्या पण त्या वर्षी पोस्टर फाडणं, मोबाईल तोंडासमोर धरून मागे मागे येणं, हे नवीन होतं. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात टालामध्ये एका भारतीय माणसाला झालेली मारहाण, मग दूतावासाने काढलेली सूचना, हे सगळं तुम्ही पाहिलंच आहे. तर नियम साधे ठेवा, कधीही एकट्याने दारोदार जायचं नाही, दोघं-तिघं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांना दिसतील असे. कुणी वाईट बोललं तर "थँक यू" म्हणून पुढच्या दाराला. उत्तर द्यायचं नाही. पण हेही सांगतो की शंभर दारांत वाईट बोलणारं एखादंच दार असतं, बाकीचे एकतर घरात नसतात किंवा पावसात उभा आहेस, आत ये म्हणतात. ज्या आजी मला २००४ ला म्हणाल्या होत्या की तुम्ही लोक फार झालात आता, त्यांच्याच घरी २०१४ ला मी किचनमध्ये बसून चहा प्यायलो, आमच्या उमेदवाराने त्यांचा फूटपाथ करून दिला होता.

मिस्टरांच्या डिग्रीच्या मुद्द्यावर. ते बरोबर आहेत, आणि त्यासाठी निवडणूक सोडायची गरज नाही. वराडकर १९९९ ला पडले, २००३ ला डॉक्टर झाले, २००७ ला डब्लिन वेस्टमधून टीडी, आणि जीपीची पात्रता २०१० ला पूर्ण केली, म्हणजे टीडी असतानाच. पुढे २०११ ला मंत्री, १४ जून २०१७ ला पहिल्यांदा टीशक म्हणजे पंतप्रधान, वय ३८. २०२० ला कोविड आला तेव्हा पंतप्रधानपदावर असताना परत मेडिकल रजिस्टरवर नाव घातलं आणि आठवड्यातून एक शिफ्ट फोनवर पेशंट तपासायला बसले. डिग्री कामी येते ती अशी. मला त्यांची सगळी धोरणं पटतात असं अजिबात नाही, २०१७ मधली सरकारी भत्ते लाटणाऱ्यांविरुद्धची जाहिरात मोहीम मला गरिबांवर अन्याय करणारी वाटली होती आणि अजूनही वाटते. पण एप्रिल २०२४ मध्ये ४५ व्या वर्षी स्वतःहून पद सोडलं तेव्हा त्यांच्या हातात परत जायला एक शिक्षण होतं. काउन्सिलरचं मानधन २०२१ मध्ये वाढवून वर्षाला २५ हजार युरोंच्या थोडं वर नेलं, डब्लिनच्या घरभाड्यात त्यावर घर चालत नाही, बहुतेक जण दुसरी नोकरी करतात. म्हणून डिग्री हवीच.

मग आत्ता काय करायचं. पहिलं म्हणजे तुमच्या तिघांचं नाव मतदार यादीत आहे का ते आज रात्री बघा, ऑनलाइन होतं, पीपीएस नंबर (आपल्या आधारसारखा) आणि एअरकोड (इथला पिनकोड) लागतो, पाच मिनिटांचं काम. दुसरं, मुलाला सांगा की पक्ष किंवा अपक्ष ते नंतर ठरव, आधी रेसिडेंट्स असोसिएशनच्या मीटिंगला जा आणि मिनिट्स लिहायचं काम अंगावर घे, ते कुणालाच नको असतं आणि ते करणाऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ होतं. टायडी टाऊन्सवाले शनिवारी सकाळी कचरा उचलतात तिथे जा. एका वर्षात त्याला तीनशे लोक नावाने ओळखतील. मग एखाद्या विद्यमान काउन्सिलरच्या मागे एक पूर्ण निवडणूक फिर, कुठल्याही पक्षाचा असो, काम शिकायला मिळतं.

आणि फिरायला जाईल तेव्हा तुमच्या स्वयंपाकघरातला लाकडी कालथा त्याच्याजवळ द्या. इथल्या लेटरबॉक्सची झडप स्प्रिंगची असते, आत ब्रश असतो, पत्रक अर्धवट राहतं आणि बोटं सोलून निघतात, काही दारांमागे कुत्रा बसलेला असतो. कालथ्याने पत्रक आत ढकलायचं. घरात कुणी नसेल तर पत्रकावर पेनाने दोन ओळी लिहायच्या, तुम्ही भेटला नाहीत, परत येईन, आणि खाली नाव. पूर्ण आडनाव लिहायचं, छोटं करून नाही. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात, वराडकर तळाला होते, लोकांनी खालपर्यंत नजर नेऊन शोधलं.

जवळपास राहत असाल तर कळवा, येत्या वसंतात एक संध्याकाळ मी त्याला सोबत घेऊन जाईन, दोन तास, एकच रस्ता. तुम्हीही चला.